बर्फाच्या हॉटेलात रात्र काढावी की दिवसा बघून उबदार खोलीत झोपावं?

उत्तरवारा (धागाकर्ता)
हिवाळ्यात स्वीडनला जाणारे बरेच जण उत्तरेकडच्या किरुना शहराजवळच्या युकास्यार्वी गावातल्या, बर्फाने बांधलेल्या आइसहोटेलात एक रात्र थंड (म्हणजे बर्फाच्या) खोलीत काढायचा बेत करतात. माझ्या मते तो खर्च करू नये. दिवसाचं तिकीट काढून सगळ्या खोल्या बघाव्यात आणि झोपायला त्याच आवारातली उबदार खोली घ्यावी.

थंड खोलीत उणे ५ ते उणे ८ अंश असतात. दिवसभर तिथे प्रेक्षक फिरतात, त्यामुळे खोलीचा ताबा संध्याकाळी सहाच्या सुमारास मिळतो. साध्या खोलीला दार नसतं, पडदा असतो. संडास, आंघोळ, सामान सगळं शेजारच्या उबदार इमारतीत. एवढं करून खोलीतून आकाश दिसत नाही. ज्या ध्रुवीय प्रकाशासाठी (रात्रीच्या आकाशात हलणारे रंगीत झोत, नॉर्दर्न लाइट्स) इतक्या लांब जायचं, तो त्या रात्री पांघरुणात असताना होऊन गेला तरी कळणार नाही.

नदीकाठ
पूर्ण असहमत. थंड खोलीत झोप लागत नाही अशी तक्रार असते, पण त्याचं मुख्य कारण चुकीचे कपडे. भारतातून जाणारा माणूस थंडी म्हटलं की जाकीट, जीन्स, दोन स्वेटर घालून स्लीपिंग बॅगेत शिरतो. तासाभरात घाम येतो, कपडे ओलसर होतात आणि मग कुडकुडायला होतं. जाड कपड्यांमुळे बॅगेतली हवाही दाबली जाते आणि ऊब तर त्या हवेचीच असते.

करायचं ते असं:
अंगाला चिकटणारे लोकरीचे पातळ कपडे, एकच थर. सुती काहीही नको, अगदी बनियनसुद्धा. झोपायच्या आधी मोजे बदलून कोरडे घालायचे. डोक्याला टोपी. नाक-तोंड बॅगेबाहेर, कारण आत सोडलेल्या श्वासाची वाफ अस्तरात मुरते. मोबाइल बॅगेत जवळ ठेवायचा, गारठ्यात बॅटरी झपाट्याने उतरते. आणि झोपण्याआधी संडासला जाऊन यायचंच. थंडीत हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आतल्या अवयवांकडे वळतं आणि लघवी जास्त होते. मध्यरात्री उठावं लागलं की बॅगेतली ऊब गेली.

पलंग बर्फाचा असला तरी पाठ बर्फाला टेकत नाही. मध्ये लाकडी फळ्या, गादी आणि रेनडिअरची कातडी असते. रेनडिअरचे केस आतून पोकळ असतात, त्यात हवा अडकते.

छिन्नीवाला
मला झोपेपेक्षा त्या वास्तूबद्दल बोलायचंय. हे हॉटेल १९८९ पासूनचं. हिवाळी इमारत दर वर्षी नव्याने उभी राहते आणि वसंतात वितळून टॉर्ने नदीला मिळते. भिंती शुद्ध बर्फाच्या नसतात, हिम (भुसभुशीत स्नो) आणि बर्फ (घट्ट आइस) यांच्या मिश्रणाच्या असतात. त्याला तिथे 'स्नाइस' म्हणतात. पोलादी कमानींच्या साच्यांवर ते फवारतात, घट्ट झालं की साचे काढून घेतात. त्यात हवा कोंडलेली असल्यामुळे बाहेर उणे ३० असलं तरी आत उणे ५ टिकतं. शिल्पांचा काचेसारखा बर्फ मात्र नदीचा. पाणी वाहतं असल्याने बुडबुडे साठत नाहीत, म्हणून तो इतका नितळ. मार्च-एप्रिलच्या सुमारास नदीतून ठोकळे कापतात आणि पुढच्या हिवाळ्यासाठी उन्हाळाभर शीतगृहात ठेवतात.

दिवसा प्रत्येक खोलीत चार जण फोटो काढत असतात. शिल्पापाशी एकटं, पूर्ण शांततेत बसायला मिळतं ते रात्रीच. हिम आवाज शोषून घेतं. दिवसाच्या तिकिटात हे मिळत नाही.

उत्तरवारा
शांततेचा मुद्दा मान्य. कपड्यांचाही. पण हा सल्ला सरसकट देऊ नका. सोबत आईवडील असतील तर आधी औषधांचा विचार करा. इन्सुलिन गोठलं की वाया जातं, ते थंड खोलीत न्यायचंच नाही. दमा असेल तर रात्रभर गोठलेली हवा ओढणं धोक्याचं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. कॉन्टॅक्ट लेन्सचं द्रावण गोठतं. आणि कॅमेरा थंडीतून उबदार इमारतीत नेताना आधी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, नाहीतर आत बाष्प धरतं.

ध्रुवीय प्रकाशाबद्दल मात्र कोणीच उत्तर दिलं नाही. उत्तर फिनलंडमध्ये काचेचे इग्लू आहेत. काच तापवलेली असते, त्यामुळे दहिवर धरत नाही आणि पडल्यापडल्या आकाश दिसतं. विचित्र जागी राहायचंच असेल तर मी तिकडे पैसे घालेन.

नदीकाठ
ढग आले तर काचेतूनही ढगच दिसतात. प्रकाशासाठी वेगळी रात्र ठेवा आणि किरुनाहून रेल्वेने आबिस्को या डोंगराळ गावी जा. पश्चिमेचे डोंगर ढग अडवतात, त्यामुळे तिथे आभाळ मोकळं मिळायची शक्यता जास्त.

महिन्याचंही बघा. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून वर्षअखेरपर्यंत किरुनात सूर्य उगवतच नाही, दुपारी थोडा वेळ निळसर संधिप्रकाश. मार्चमध्ये ऊन असतं, रात्रीही पुरेशा काळोख्या. मुलांच्या परीक्षांमुळे मार्च जमत नसेल, तर २०१६ पासून एक भाग बारमाही उघडा आहे, उन्हाळ्यात तो सौरविजेवर थंड ठेवतात. मे महिन्याच्या सुट्टीतही बर्फाची खोली मिळते. तेव्हा रात्री काळोख पडतच नाही, म्हणजे प्रकाश हुकल्याची रुखरुखही नाही.

छिन्नीवाला
मे महिन्यात हिवाळी इमारत विरघळलेली असते हे लक्षात ठेवून जा. बारमाही भागात शिल्पं आहेत, पण दर वर्षी नवं उभं राहतं ते बघायचं तर डिसेंबरचा मध्य ते एप्रिलचा मध्य याच काळात पोहोचायला हवं.