दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर खांदा ठणकतोय, शेकायला काय घेऊ? बजेट ५०० च्या आत

चोपडेकर:
परवा जळगावला मंडळींचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून. पोटावरची छिद्रं फारशी दुखत नाहीत, पण उजवा खांदा असा ठणकतोय की रात्रभर डोळा नाही. डॉक्टर म्हणाले, गॅसमुळे आहे, दोन-तीन दिवसांत जाईल. पॅरासिटामॉल चालू आहे. शेकायला रबरी पिशवी घेऊ की विजेची?

केळीचा_घड:
५०० मध्ये काय येतं भो? मी अडीच हजारांचा विजेचा पट्टा घेतला. आपोआप बंद होतो. आई गुडघ्याला लावते, मी कंबरेला, मांजर तर त्यावरच झोपते.

भरीत_पार्टी:
ओवा-हिंग द्या, गॅस लगेच निघेल.

भुसावळ_यार्ड:
भरीतभाऊ, तो गॅस वेगळा. आतलं नीट दिसावं म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. शेवटी काढतात, तरी थोडा राहतोच. तो आतड्यात नसतो, बाहेरच्या पोकळीत असतो. त्याने छाती आणि पोटामधला पडदा चुरचुरतो. त्या पडद्याची नस मानेतून निघते, खांद्याच्या नसाही तिथल्याच, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. उरलेला गॅस रक्तात जिरतो आणि श्वासावाटे जातो. आमची ताई सिस्टर आहे, तिने सांगितलं.

भरीत_पार्टी:
आमच्या आजीला ओव्यानेच बरं वाटलं होतं.

भुसावळ_यार्ड:
आजीचं दुर्बिणीतून झालं होतं का?

भरीत_पार्टी:
नाही, अपचन होतं.

पाचोरा_पॅसेंजर:
जळगावला कशाला गेलात? धुळ्याला स्वस्तात झालं असतं.

तापीकाठी:
शेकणं राहू द्या, आधी चालवा. घरातल्या घरात, थोडं थोडं. माझं गर्भाशयाचं झालं तेव्हा सूनबाई दर तासाला उठवायची, राग यायचा, पण फरक पडला.

अमळनेरी:
उलट सांगताय काकू. बसलं-उभं राहिलं की गॅस वर पडद्याखाली जमतो. सपाट झोपवा, कमरेखाली उशी द्या, मला तेवढ्यानेच आराम पडला.

तापीकाठी:
मग दिवसभर झोपूनच राहायचं का? थोडं चालायचं, दुखलं की आडवं व्हायचं.

धुळ्याचा_पाहुणा:
मला हर्नियाच्या वेळी खांद्याचं कोणी सांगितलंच नाही! हार्ट अटॅक समजून रात्री दोनला रिक्षा काढली. ईसीजी नॉर्मल निघाला, वर दवाखान्यात बोलणी खाल्ली. तरी सांगतो, दम लागला, छाती दुखली, ताप आला, डोळे पिवळे झाले, पोटरी सुजली किंवा पोटदुखी वाढतच गेली, तर शेकत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. आणि मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून वेगळी गोळी देऊ नका.

केळीचा_घड:
शेक फक्त खांद्यावर, टाक्यांवर नको. माझ्या पट्ट्याच्या पुस्तिकेत लिहिलंय.

चोपडेकर:
सगळ्यांचे आभार. काहीच घेतलं नाही. सासूबाईंनी तव्यावर जाडं मीठ तापवून जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलं. आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहतात, मग लेकीच्या खांद्याला. उशी दिल्यावर ती तासभर झोपली. ओव्याचं पाणी मी प्यालो, काल शेवभाजी जरा जास्तच झाली होती.

केळीचा_घड:
मीठ ठीक आहे, पण पट्टा घेऊनच ठेवा. लिंक देऊ का?