झेड ड्राइव्हवरची लाल फुली

काका: अगं, आहेस का? झेड ड्राइव्हवर परत लाल फुली. उघडायला गेलो की नेटवर्क पाथ सापडला नाही म्हणतो.

आत्या: अण्णा, फोटो गेले की काय सगळे?? आईबाबांचे जुने फोटो त्यातच आहेत ना?

मी: आत्या, घाबरू नकोस. फोटो कपाटावरच्या डब्यात, म्हणजे नासमध्येच (घरच्या नेटवर्कवरची सगळ्यांची हार्डडिस्क) आहेत. झेड ड्राइव्ह ही फक्त तिकडे जायची वाट. तुटलंय ते फक्त कनेक्शन.

ताई: राउटर बंद करून चालू करा.

काका: दोनदा केला.

मी: काकू, तुझ्या लॅपटॉपवर उघडतंय का?

काकू: माझं उघडतंय की. माझं नेहमीच उघडतं.

काका: तेच तर!

मी: मग डबाही ठीक आणि राउटरही. काका, फुली नक्की कधीपासून?

काका: शनिवारी वीज गेली होती ना, तेव्हापासून.

मी: हं. फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश आणि पुढे डब्याचं नाव टाइप करून एंटर मारा बरं.

काका: उघडलं!! पण झेडवर फुली आहेच.

मी: मग चूक माझी. काकूचा झेड मी डब्याच्या नावाने जोडला होता आणि तुमचा आयपी अ‍ॅड्रेसने, म्हणजे नेटवर्कवरच्या त्याच्या नंबराने, १९२.१६८.१.५०. घाईत. हे आकडे राउटर तात्पुरते वाटतो. वीज जाऊन आली की ज्याला जो मिळेल तो. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते, त्यात बघा डब्याला आता काय मिळालंय.

काका: शेवटी २३. आणि ५० वर हिचा फोन बसलाय.

काकू: मी काहीही केलेलं नाही.

मी: तुझा काही दोष नाही गं 😄 काका, त्याच पानावर डीएचसीपीमध्ये, म्हणजे हे आकडे वाटायच्या सेटिंगमध्ये, अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन असेल. तिथे डब्यासाठी २३ राखून ठेवा. मग झेडवर राइट क्लिक करून डिस्कनेक्ट करा आणि या वेळी नावाने जोडा. युजरनेम-पासवर्ड मागेल, तो डब्याचा द्यायचा, कॉम्प्युटरचा नाही. तिथे सगळेच चुकतात.

आत्या: माझ्याकडे तर रोज फुली असते. दुसऱ्या खोलीतल्या कॉम्प्युटरचं फोल्डर जोडलंय. पण क्लिक केलं की उघडतं.

मी: मग ती नावापुरती फुली. शेअर करणारा कॉम्प्युटर विंडोजचा असेल, तर १५ मिनिटं कोणी हात लावला नाही की तो कनेक्शन सोडून देतो आणि क्लिक केल्यावर परत जोडतो. चालू दे.

ताई: माझं मात्र मोठा व्हिडिओ कॉपी करताना मध्येच तुटतं. लॅपटॉप वायफायवर आहे.

मी: हे खरं त्रासाचं. आधी लॅन केबल लावून तोच व्हिडिओ कॉपी कर. केबलवर नीट झाला तर दोष वायफायचा, डब्याला हात लावू नकोस. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अडॅप्टर उघड, पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवायला हे उपकरण बंद करू दे अशी टिक असते, ती काढ. काही लॅपटॉपवर तो टॅबच दिसत नाही, तसं असेल तर फोन कर. केबलवरही तुटलं तर डब्याच्या सेटिंगमध्ये हार्डडिस्क किती वेळाने झोपते ते बघू. झोपलेली डिस्क जागी व्हायला काही सेकंद लागतात, तेवढ्यात एखादा प्रोग्राम कंटाळून एरर देतो. आणि कृपा करून कट-पेस्ट नको. कॉपी कर, उघडून बघ, मग मूळ फाइल काढ.

काका: ऑफिसातला एकजण म्हणाला, एसएमबी १ चालू केलं की सगळं सुटतं.

मी: नको! ती कॉम्प्युटर आणि डब्याने फाइल्ससाठी एकमेकांशी बोलायची जुनी आणि धोक्याची भाषा आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइल्स अडकवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो त्यातल्याच भोकातून. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ते नवीन इन्स्टॉलमधून काढायला सुरुवात केली. डबा एसएमबी २ किंवा ३ बोलतोय, नाहीतर काकूचं उघडलंच नसतं.

काका: झाला! रिस्टार्ट करून पण बघितलं. फुली गायब.

आत्या: आईबाबांचा तो अंगणातला फोटो टाक ना इथे.

काकू: ते राहू द्या वन्सं, आधी मला सांगा, माझा फोन आता कुठल्या नंबरवर बसलाय?