महिन्याचं आकाशदर्शन: पहिला शनिवार ठेवायचा की अमावस्येजवळचा?

गच्चीवरचा_सातारकर

नमस्कार मंडळी, आम्ही सात-आठ जण साताऱ्यात नोव्हेंबरपासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी लोकांसाठी आकाशदर्शन करतोय, एका शाळेची गच्ची मिळालीय, आठ इंची डॉब (साध्या बुडावर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण) आहे, आधी अर्धा तास गप्पावजा भाषण आणि मग दुर्बीण, तिकीट वगैरे काही नाही. पहिल्या वेळी ऐंशीएक लोक आले, चंद्र दशमीचा होता, शनी पण होता (कडी यंदा काडीसारखी दिसतायत त्यामुळे पोरं विचारत होती कडं कुठाय, ते सोडा). डिसेंबरात चंद्र कृष्ण द्वितीयेचा, साडेसातनंतर उगवला आणि बराच वेळ झाडामागेच. जानेवारीत नेमकी पौर्णिमा, सगळं पांढरं. आणि परवा ७ फेब्रुवारीला रात्री साडेदहापर्यंत चंद्रच नाही, गुरू छान होता पण लोक आले नऊ, त्यातले चार आमच्याच घरचे 😅

आता गटात दोन तट पडलेत. एक म्हणतात अमावस्येजवळचा शनिवार घ्या म्हणजे आकाश काळं मिळेल, दुसरे म्हणतात तारीख हलवली की लोक विसरतात. तुमच्याकडे काय करतात? आणि पावसाळ्यात काय करता?

व्याध_आणि_मी

अमावस्याच. चंद्र असताना मृगातला तेजोमेघ दाखवून काय उपयोग, पुसटसा डाग दिसतो. आम्ही मुंबईकर अमावस्येच्या आसपासच बदलापूरच्या पुढे वांगणीला जायचो, खगोल मंडळाचे रात्रभराचे कार्यक्रम तिथे होतात, एकदा तसं आकाश बघितलं की शहरातल्या गच्चीवर मन लागत नाही. तुमच्याकडे तर कासचं पठार आहे की!

शाळेतल्या_बाई

@व्याध दादा, वांगणीला रात्रभर थांबणारा माणूस आधीच वेडा झालेला असतो 😄 इथे प्रश्न आजी-नातवंडांचा आहे. त्यांना गच्चीवरून देवयानी दीर्घिका दाखवली आणि पंचवीस लाख प्रकाशवर्षं सांगितली तरी डोळ्याला दिसतो तो धुरकट ठिपका. "दिसलं का?" विचारलं की सगळे "हो हो" म्हणतात आणि पुढे सरकतात. मी आता "दिसलं का" विचारतच नाही, "काय दिसलं ते सांग" म्हणते, मग कळतं की अर्ध्यांनी स्वतःच्या पापण्याच बघितल्यात.

चंद्र ठेवा. पण पौर्णिमेचा नको, कोजागिरीला आम्ही हौसेने दुर्बीण लावली होती, मसाला दूध झकास झालं आणि चंद्र सपाट थाळी, कारण ऊन समोरून पडतं, सावल्याच नाहीत. अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात, तेव्हा बाईमाणूस, पोर, म्हातारं, कुणीही डोळा लावला की तोंडातून "अगंबाई" निघतंच. एकदा एक काकू शनी बघायला तयारच नव्हत्या, साडेसाती मागे लागेल म्हणून, त्यांना चंद्रावरून हळूहळू शनीपर्यंत आणलं.

तिथीवाला_पुणेकर

भांडताय कशाला, कालनिर्णय काढा भिंतीवरचं. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा. पहिला शनिवार धरला की पुढचा कधी २८ दिवसांनी येतो तर कधी ३५. २८ला चंद्र दीड दिवस मागे जातो, ३५ला साडेपाच दिवस पुढे, म्हणून तुमचा चंद्र असा भरकटला, त्यात तुमची काही चूक नाही.

शुद्ध चतुर्थी ते एकादशी बघा. आठ तिथी आहेत, त्यात एक शनिवार पडतोच पडतो. तोच तुमचा. म्हणजे आता २१ फेब्रुवारी, मग २८ मार्च, मग २५ एप्रिल. संध्याकाळी चंद्र आयता डोक्यावर, शाळकरी पोरं नऊला घरी. कृष्ण पक्षातली अष्टमी घेतलीत तर चंद्र उगवणार मध्यरात्री, तोवर तुम्ही आणि वॉचमन.

अमावस्येचा शनिवार सभासदांसाठी ठेवा, कासला जा, टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात.

व्याध_आणि_मी

बरं बाबा, हे पटलं. पण दर महिन्याला तारीख बदलली तर लोक विसरतात हा मुद्दा राहतोच ना? पुण्याच्या आयुकात (खगोलशास्त्राची संस्था) शाळकरी मुलांची व्याख्यानं दुसऱ्या शनिवारी, ते डोक्यात बसतं. शिवाय दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँकवाल्यांना सुट्टी.

तिथीवाला_पुणेकर

व्याख्यानाला चंद्र लागत नाही हो. वर्षाच्या बारा तारखा एकदम छापून वाटा, फ्रिजवर चिकटवतात लोक. जून ते सप्टेंबर मात्र पक्का वार ठेवा कारण तेव्हा ढगच आहेत, हॉलमध्ये बसायचं. चार महिने बंद ठेवलं की गट मोडतो, हे आमच्या जुन्या गटाचं सांगतोय, ऑक्टोबरात किल्ली कुणाकडे आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. पुठ्ठ्याचे फिरते तारानकाशे करा, दुर्बिणीचा आरसा कसा धुवायचा ते दाखवा. आमच्या पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, पाऊस तेव्हाही पडत होताच.

शाळेतल्या_बाई

आणि मे महिन्यात शून्य सावली सोडू नका! साताऱ्यात दुसऱ्या आठवड्यात येते. भर दुपारी साडेबाराच्या आसपास एक बाटली उभी करायची, सावली बुडाखाली गायब. खर्च शून्य. (जुलै-ऑगस्टात परत येते पण तेव्हा सूर्य कुठला दिसायला.)

अजून एक, प्लास्टिकचं स्टूल ठेवा. पोरं दुर्बिणीला लोंबकळतात आणि अख्खा गुरू हलतो.

गच्चीवरचा_सातारकर

स्टूल!! दर वेळी हेच होतंय. तसंही १० मिमीच्या आयपीसने (डोळा लावायच्या भिंगाने) गुरू दीड-दोन मिनिटांत दुर्बिणीतून बाहेर जातो, मोटर नाही, त्यात लोंबकळणारी पोरं.

गटात वाचून दाखवलं, अमावस्यावाले कासच्या नावावर गप्प झाले. २१ला चतुर्थी-पंचमीची कोर आणि गुरू, असा मेसेज टाकतोय. फक्त कासला आठ इंची डॉब न्यायची कशी, आमच्याकडे एक जुनी स्विफ्ट आहे.

व्याध_आणि_मी

नळी मागच्या सीटवर आडवी, खाली गोधडी, दोन्ही बेल्ट लावा. बूड डिकीत. मागे कुणी बसणार नाही हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ऐनवेळी मेहुणा येतो.