देखणा कॅमकॉर्डर आणि गडकरीतल्या मुंग्या

खिशात मावणारा देखणा कॅमकॉर्डर घ्यावा की जाडजूड पण कामाचा, असं तुम्ही विचारलंय. मी देखणेपणाला एकदा भुललोय, म्हणून लिहितो.

भाचीचं कथक होतं, ठाण्याच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहात. माझ्या चकचकीत, पातळशा कॅमेऱ्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. घरी टीव्हीवर लावलं तर मंद उजेडातल्या भाचीच्या चेहऱ्यावर नुसत्या मुंग्या, म्हणजे वळवळणारे ठिपके! अंग बारीक तसा सेन्सरही (उजेड टिपणारी आतली चिप) बारीक. १/२.३ इंचीपेक्षा १ इंची सेन्सरचं क्षेत्रफळ साधारण चौपट. भिंग त्याच तोडीचं असेल तर उजेडही तेवढा जास्त. (ही इंचाची मापं जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या ट्यूबच्या हिशेबातली. पट्टी लावाल तर '१ इंची' सेन्सर जेमतेम १३ मिमी रुंद भरतो.)

झूमचा फक्त ऑप्टिकल, म्हणजे भिंगाने होणारा, आकडा बघा. डिजिटल म्हणजे आहे तेच चित्र कापून ताणलेलं. शिवाय अगदी हलका कॅमेरा मागच्या रांगेतून झूम केला की हातात थरथरतो, स्टॅबिलायझेशन (थरथर सावरणारी सोय) चांगलं नसेल तर बघणाऱ्याला गरगरतं.

उपवन तलावावर भर दुपारी पोरांचे खेळ टिपायचे असतील तर मात्र देखणाच घ्या, उन्हात सगळेच कॅमेरे हुशार.