ग्रामपंचायतीने कोरोनात फक्त बांबूच बांधले का?

सड्यावरचा
काल इथे कुणीतरी दोन ओळी टाकल्या: 'कोरोनात आमच्या ग्रामपंचायतीने लोकांसाठी काडीचंही केलं नाही, फक्त वेशीवर बांबू बांधले.' वाचून झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी कोरोनासाठी नेमलेल्या ग्राम कृती दलात होतो. रत्नागिरी जिल्ह्यातलं आठ वाड्यांचं गाव. घरपट्टी-पाणीपट्टीची खरी वसुली मार्चमध्ये होते आणि २०२०चा मार्च तर बुडालाच. खात्यात होतं त्यातून फवारणीचं जंतुनाशक, सोडियम हायपोक्लोराइट, आणलं. आंब्याच्या फवारणीचा पंप एका बागायतदाराने दिला आणि दोन पोरांनी तो पाठीवर घेऊन आठही वाड्या फवारल्या. मे महिन्यात मुंबईची माणसं यायला लागली तेव्हा त्यांना शाळेत ठेवायची वेळ आली. शाळेला संडास दोन, पाणी विहिरीचं. पंचायतीचा शिपाई रोज पहाटे पाणी भरायचा. केंद्राकडून येणारे वित्त आयोगाचे पैसे होते ना, असं कुणी म्हणेल. पंधराव्या आयोगाचा निम्मा निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, त्यातून कुणाच्या घरी तांदूळ देता येत नाही. कागदावरची पंचायत आणि खरी पंचायत यात फरक असतो, हे एकदा समजून घ्या.

बारक्या चाळीतला
त्या ओळी माझ्याच. त्या बांबूपलीकडे मी उभा होतो. मे २०२०, ई-पास हातात, सोबत बायको आणि सहा वर्षांची मुलगी. तीन तास उन्हात उभं केलंत. माझं घर तिथून दोनशे पावलांवर, कुलूपबंद, आत कुणी नाही. तिथेच चौदा दिवस राहतो म्हणून हात जोडले. 'नियम सगळ्यांना सारखा' एवढंच उत्तर मिळालं. जेवण भावाने फाटकाबाहेर ठेवायचं. मुलीला शाळेच्या खिडकीतून आजी दिसायची, तिकडे बघून ती रोज संध्याकाळी रडायची. घरपट्टी मी दरवर्षी मुंबईहून भरतो, एकही थकवलेली नाही. ती भरताना मी गावचा, आणि आजार आला की मुंबईचा?

सड्यावरचा
तुमच्या मुलीचं वाईट वाटतं, मनापासून सांगतो. पण गावात निम्मी माणसं साठीच्या पुढची. जवळचा व्हेंटिलेटर जिल्ह्याच्या गावी. एका घराला सूट दिली असती तर दुसऱ्या दिवशी वीस घरांनी मागितली असती.

बारक्या चाळीतला
मग गणपतीचं काय? सरकारने चौदाचे दहा दिवस केले, १२ ऑगस्टच्या आत पोचा म्हणून सांगितलं. तरी आपल्या गावाने चौदाच धरले. ते कुठल्या नियमाने?

वाडीतली सून
मी आशा सेविका आहे. तुम्ही दोघं 'पंचायत, पंचायत' म्हणताय, पण दारोदार हिंडलं कोण? सकाळी शाळेतल्या माणसांचं तापमान, मग वाड्यांचा सर्व्हे, सप्टेंबरपासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'. या कामाचे महिन्याला हजार रुपये. जून २०२१ला आम्ही संप केला तेव्हा टाळ्या वाजवणारं कुणी दिसलं नाही. त्या होमिओपॅथीच्या आर्सेनिक अल्बमच्या गोळ्याही आम्हीच वाटल्या. म्हातारी माणसं विचारायची, 'गो, आता मास्क नको ना?' काय सांगणार?

पांढऱ्या गोळ्या
गोळ्यांना नावं ठेवू नका. आयुष मंत्रालयाने जानेवारी २०२०मध्येच शिफारस केली होती. रिकाम्या पोटी तीन दिवस, पुन्हा महिन्याने. आमच्या घरात सगळ्यांनी घेतल्या, एकालाही कोरोना झाला नाही.

भौतिकचा मास्तर
माझ्या घरात कुणी घेतल्या नाहीत आणि कुणाला झाला नाही. आता काय सिद्ध झालं? कोरोना टळतो याचा पुरावा नसलेली गोळी राज्यातल्या पाच कोटी ग्रामीण लोकांना वाटायची ठरली. त्याच दिवसांत आमच्या उपकेंद्रात ऑक्सिमीटर एकच होता, त्याचाही सेल संपलेला.

पांढऱ्या गोळ्या
गोळीने कुणाचं नुकसान झालं ते दाखवा. तेव्हा दुसरं औषध कुठलं होतं तुमच्याकडे?

भौतिकचा मास्तर
नुकसान वरच्या आशाताईंनी लिहिलंय, वाचा ना. 'आता मास्क नको ना?' हेच नुकसान.

जुना ग्रामसेवक
यातली पैशाची बाजू कुणी बोलत नाही. त्या गोळ्यांसाठी ग्रामपंचायतींकडे पडून असलेल्या वित्त आयोगाच्या निधीवरचं व्याज मागवण्यात आलं. ज्या पंचायतीने काटकसर करून पैसे राखले, तिचंच व्याज गेलं. माझ्या टेबलावरून तो चेक गेलाय. त्या रकमेत मी शाळेला आणखी दोन संडास बांधले असते. नोकरी होती म्हणून सही केली, आज नसती केली.

पांढऱ्या गोळ्या
म्हणजे राग सरकारवर आणि शिव्या होमिओपॅथीला. तीस वर्षं या औषधावर माझी आई दम्यातून तरली. कुणी हसलं की मला सहन होत नाही.

भौतिकचा मास्तर
आईंवर कुणी हसत नाहीये. दम्याचा विषयच नव्हता, विषय साथीचा होता.

देशावरची
गोळ्या सोडा हो. आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या घाटणेचं नाव तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी कोरोना रोखल्याबद्दल घेतलं होतं, तिथला सरपंच तरुण पोरगा. हिवरे बाजार मे २०२१मध्ये कोरोनामुक्त झालं. तिथे पंचायतीने केलंच ना? मग 'पैसे नव्हते, हात बांधलेले होते' हे रडगाणं कशाला?

सड्यावरचा
हिवरे बाजारमागे पोपटराव पवारांचं तीस वर्षांचं काम आहे, ते एका साथीत उभं राहत नाही. आणि जून २०२१मध्ये सरकारने कोरोनामुक्त गावाची स्पर्धा काढली, विभागात पहिल्या गावाला ५० लाख. बक्षीस नंतर! फवारणीच्या वेळी पाच हजार दिले असते तर जास्त उपयोग झाला असता.

देशावरची
हे मात्र मान्य. पण चाचण्या करून घेणं आणि बाधिताला लगेच वेगळं ठेवणं याला लाखो लागत नाहीत.

बारक्या चाळीतला
माझ्या प्रश्नाचं उत्तर गोळ्यांत हरवलं. चौदाच दिवस का?

सड्यावरचा
खरं सांगतो. वाडीच्या बैठकीत ठरलं. लोक घाबरलेले होते, दोन-चार जण हमरीतुमरीवर आले, आम्ही मान तुकवली. ते दिवस वाढवायला नको होते. आणि तुमचं घर रिकामं होतं, तिथे ठेवता आलं असतं. शाळेत दोन संडासांवर अठरा माणसं ठेवण्यापेक्षा ते सुरक्षितही होतं. पण बांबू बांधले ते चुकीचं होतं, असं मी अजूनही म्हणणार नाही.

बारक्या चाळीतला
एवढं तेव्हा एकाने जरी म्हटलं असतं तरी पुरलं असतं. शिपाईदादांनी पाणी भरलं ते मी पाहिलंय, मुलीसाठी एक बादली ऊन पाणीही आणून द्यायचे. 'काडीचंही केलं नाही' हे माझं वाक्य त्यांच्यापुरतं मागे घेतो. पंचायतीपुरतं नाही.

वाडीतली सून
सड्यावरचे भाऊ, पंप पाठीवर घेतलेल्या पोरांतला एक माझा दीर. मजुरीचा ठराव झाला होता, मग पंचायतीची मुदत संपली, प्रशासक आले, जानेवारी २०२१ला निवडणूक झाली. त्याला अजून एक रुपया मिळालेला नाही. त्या ठरावाची वही आता कुणाकडे आहे?