प्रतिसाद: डॉट पेंटिंग आणि ऍक्रेलिक

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या ठिपक्यांच्या चित्रांबद्दल (डॉट पेंटिंग) 'ऍक्रेलिकमध्ये, म्हणजे तयार कृत्रिम रंगांत केलं की ती नक्कल, मूळ चित्रं मातीच्या रंगांची' असं वर कुणीतरी लिहिलंय. त्यांच्या वाळूवरच्या आणि अंगावरच्या रेखाटनांपुरतं ते ठीक. पण आज ज्याला आपण डॉट पेंटिंग म्हणतो ते मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या वस्तीत १९७१च्या सुमारास बोर्डांवर आलं. जेफ्री बार्डन नावाच्या शिक्षकाने तिथल्या वडीलधाऱ्यांना रंग पुरवले. १९७२मध्ये चित्रकारांनी स्वतःची कंपनीही काढली. ऍक्रेलिक तेव्हापासूनच घरचं आहे.

खरी अडचण चित्रातल्या कथेच्या मालकीची. ही कथा खुणांनी सांगतात: इंग्रजी यू अक्षरासारखी खूण म्हणजे वरून दिसणारा, बसलेला माणूस. एकात एक वर्तुळं म्हणजे बहुधा पाणवठा किंवा मुक्काम. कुठली कथा कुणी रंगवायची हे कुळानुसार ठरतं, आणि बाहेरच्यांनी पाहू नये असा भाग झाकायलाही ठिपके वापरले गेले. तिथल्या आदिवासी चित्रकारांची चित्रं न विचारता गालिच्यांवर विणून आणली, तेव्हा १९९४मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने भरपाई द्यायला लावली. (वारलीचे छापील कुशन कव्हर घेताना आपण तरी कुठे विचारतो म्हणा!)

त्यामुळे हॉलसाठी हवं असेल तर चित्रकाराचं नाव आणि कथा लिहून देणाऱ्या, वस्तीच्याच मालकीच्या आर्ट सेंटरकडून छोटं कॅनव्हास घ्या. चित्र घरी पोचल्यावर टॉर्च आडवा धरून बघा: हाताने दिलेल्या ठिपक्याला उंचवटा असतो, साधा प्रिंट सपाट दिसतो. स्वतः रंगवायचंय? ब्रशची मागची बाजू रंगात बुडवून ठिपके खुशाल द्या, फक्त विषय आपला घ्या.