टाइप वन मधुमेह, वय १४: "मला नाही टोचायचं आता" म्हणणाऱ्या मुलीला कसं सांभाळावं?

नववीची_आई
मुलीला टाइप वन होऊन पाच वर्षं झाली. वजन ४६ किलो. रात्री लाँग अ‍ॅक्टिंग (दिवसभर पुरणारं) इन्सुलिन १८ युनिट, तिन्ही जेवणांना मिळून रॅपिड (लगेच लागू होणारं) २०, सगळं इन्सुलिनच्या पेननं. सतत शुगर मोजणारा सेन्सर नाही, ग्लुकोमीटर आहे. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) गेल्या वर्षी ७.६ होतं, आता ९.४ आलं. दुपारचा डोस शाळेत घेत नाही असं दिसतंय. वहीत १२५, १३०, १४० असे आकडे लिहिलेत, मीटरच्या मेमरीत त्यातला एकही नाही. विचारलं की दार लावून बसते. "कंटाळा आलाय, मला नाही टोचायचं आता" एवढंच म्हणते. त्यात आजी अजून "गोड खाल्लंस म्हणून झालं" असं ऐकवतात. रागवावं की तिच्यावर सोडून द्यावं?

डायबेटीस_एज्युकेटर
ताई, दोन्ही नको. ९.४ हा सगळा तिचा हलगर्जीपणा नाही, हे आधी लक्षात घ्या.

४६ किलोला ३८ युनिट म्हणजे किलोमागे साधारण ०.८. वयात येताना ग्रोथ हॉर्मोनमुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि गरज किलोमागे १.२ पर्यंत जाते, काहींची त्याहूनही वर. पहाटे शुगर चढते, काही मुलींची पाळीच्या आधीचे चार-पाच दिवसही चढते. म्हणजे तिनं एकही डोस चुकवला नसता, तरी जुन्या डोसवर आकडे वाढले असते. मूल सगळं नीट करतं, तरी २६० दिसतात, घरचे "काय खाल्लंस?" विचारतात. असं महिनोन् महिने झालं की ते मोजणंच सोडून देतं. डॉक्टरांकडून डोस तपासून घ्या, स्वतः वाढवू नका. पण चुकलेले डोस किती आणि कुठले हे त्यांना खरं सांगा. नाहीतर न घेतलेल्या इन्सुलिनच्या हिशेबानं डोस वाढेल, आणि ज्या दिवशी ती सगळे घेईल त्या दिवशी हायपो होईल, म्हणजे शुगर फार खाली जाईल.

टोचायच्या जागा हातानं चाचपून बघा. दुखत नाही म्हणून मुलं त्याच दोन बोटं जागेत टोचत राहतात. तिथे गाठ बनते आणि इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. गाठ असेल तर ती जागा काही महिने पूर्ण बंद. मात्र नव्या जागेत तोच डोस जोरात लागू शकतो, म्हणून बदलाआधी डॉक्टरांशी बोला आणि पहिले काही दिवस जास्त वेळा तपासा.

आता घरातलं बोलणं. शाळेतून आल्या आल्या "किती आहे?" हा प्रश्न बंद करा. आधी डबा, शाळा, मैत्रिणी. आकड्यांसाठी आठवड्यातून एक वेळ ठरवा, रविवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं, मीटरची मेमरी दोघींनी मिळून बघायची. "चांगली शुगर, वाईट शुगर" म्हणू नका. जास्त, कमी, टप्प्यात एवढंच. खोट्या नोंदींबद्दल एकदाच, शांतपणे सांगा: "वही आजपासून बंद. मीटरमध्ये काहीही दिसलं तरी मी ओरडणार नाही." आणि खरंच ओरडू नका. खोटा आकडा बोलणी टाळायला लिहिलेला असतो.

कामं वाटून घ्या. चौदाव्या वर्षी सगळं एकटीवर टाकणं फार लवकर होतं. रात्रीचा लाँग अ‍ॅक्टिंग तुमच्यासमोर, ठरलेल्या वेळी. पेनवर आकडा तिनं लावायचा, तुम्ही बघायचा. स्ट्रिप, सुया, पेन संपत आले का हे तुमच्याकडे. आजारपणाचे दिवस पूर्ण तुमचे. जेवणाचे डोस तिचे, पण डब्यावर कार्ब (कर्बोदकं) तुम्ही लिहून द्या: २५ ग्रॅम कणकेची पोळी म्हणजे साधारण १७-१८ ग्रॅम. गणित कमी झालं की डोस टळण्याचं एक कारण जातं.

अगदी नको वाटणाऱ्या दिवसासाठी "किमान यादी" आधीच ठरवा: लाँग अ‍ॅक्टिंग चुकणार नाही, जेवणाआधी डोस, सकाळी आणि झोपताना तपासणी, शुगर २५० च्या वर राहिली किंवा मळमळ असेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साठणारी आम्लं) तपासायचे. त्या दिवशी बाकी काही मागायचं नाही.

लक्ष्य लगेच ७ ठेवू नका. ९.४ म्हणजे सरासरी २२३ च्या आसपास. तीन महिन्यांत ८.९ आलं तरी ते खरं यश आहे, तिला तसं सांगा. आणि भांडण पेटलं की आधी शुगर बघा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, बोलणं त्यानंतर अर्ध्या तासानं. चिडचिड हे हायपोचं लक्षण आहे, उद्धटपणा नव्हे.

आजींना एकदा डॉक्टरांसमोर बसवा. टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते, गोडाचा त्यात संबंध नाही. हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं तर पटेल.

कॉलेजातला_टाइप_वन
शाळेतल्या डोसचं बघा. बहुतेक मुलं टोचायला घाबरत नाहीत, सगळे बघतील याला घाबरतात. स्वच्छतागृहात जाऊन टोचायला लावू नका. अस्वच्छ असतं आणि चोरून काही करतोय असं वाटतं. वर्गशिक्षिकांशी बोलून स्टाफरूमचा कोपरा किंवा मागचा बाक ठरवा. डोस जेवणाआधी १५ मिनिटं हवा आणि मधली सुट्टी छोटी, म्हणून तास संपायच्या आधी उठायची परवानगी लेखी घ्या. एका मैत्रिणीला हायपोची लक्षणं आणि ग्लुकोजचा कप्पा माहीत हवा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, हेही तिला सांगा.

कोणी विचारलं तर एक वाक्य तयार असू दे: "माझ्या शरीरात इन्सुलिन बनत नाही, म्हणून बाहेरून घेते." पुढे चर्चा नको असेल तर विषय बदलायचा, तो तिचा हक्क. टोकियो ऑलिम्पिकमध्ये टेनिसचं सुवर्ण जिंकणाऱ्या अलेक्झांडर झ्वेरेव्हला लहानपणापासून टाइप वन आहे, पण त्यानंही ते जाहीरपणे २०२२ मध्ये सांगितलं. तिला वेळ लागला तर लागू दे.

नववीची_आई
खूप आभार. शाळेशी उद्याच बोलते. एक भीती आहे. ती हल्ली आरशासमोर पोट बघते, "इन्सुलिननं मी जाड झाले" म्हणते. वजनासाठी डोस टाळत असेल का? आणि ही उदासी कधी गंभीर समजायची?

समुपदेशक
ताई, ही शंका अजिबात हलकी घेऊ नका. डोस कमी केला की साखर लघवीतून जाते, वजन उतरतं, आणि मुलींना ते लवकर कळतं. एचबीएवनसी चढतंय आणि वजन उतरतंय, इन्सुलिन ठरल्यापेक्षा जास्त दिवस पुरतंय, कोणासमोर टोचणं टाळते, कीटोन वारंवार येतात, यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना लगेच सांगा. तिला "डोस चोरतेस का?" असं विचारू नका. "बऱ्याच मुलींना इन्सुलिननं वजन वाढेल अशी भीती वाटते. तुला वाटते का?" असं विचारा. डॉक्टरांकडे यासाठी, म्हणजे मधुमेहात खाण्याबद्दलच्या तक्रारी ओळखायला, १६ प्रश्नांची डेप्स-आर प्रश्नावली असते, ती भरून घ्या. जेवणावर बंधनं वाढवू नका, घरात वजनाचा विषयही नको. उलट्या, पोटदुखी, खोल जोरात श्वास, तोंडाला फळासारखा वास असं झालं तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा.

उदासीचं असं: टोचणं, मोजणं आलं की चिडते, पण मैत्रिणींत रमते, तर तो बहुधा मधुमेहाचाच थकवा, वर सांगितलेल्या कामाच्या वाटणीनं तो उतरतो. दोन आठवडे जवळजवळ रोज उदास, आवडीचं काही नको, झोप-भूक बिघडलेली, अभ्यासात लक्ष नाही, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. "मी नसते तर बरं" असं काही बोलली तर थेट विचारा: "मरावंसं वाटतं का?" विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि घरातले सगळे पेन तुमच्या ताब्यात घ्या, कारण इन्सुलिनचा मोठा डोस जीव घेऊ शकतो. तेव्हा प्रत्येक डोस तुमच्या हातून. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तो तिच्या फोनमध्ये ठेवा आणि तुमच्याही. रात्री दोनला तिची शुगर बघायला उठणाऱ्या आईलाही बोलायला माणूस लागतो.